सीएमएमएस घेतलं, पण उपयोग काय? देखभालीच्या सॉफ्टवेअरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भोसरी, चाकण, वाळूज, सातपूर, शिरोली अशा एमआयडीसींमधल्या मध्यम कारखान्यांत सीएमएमएस आता नवलाईचं राहिलेलं नाही. डेमो होतो, पैसे भरले जातात, मशीनवर क्यूआर स्टिकर लागतात आणि काही महिन्यांनी बरेच मेंटेनन्सवाले पुन्हा ब्रेकडाउन स्लिपच्या पुस्तकाकडे वळलेले दिसतात. खालचे प्रश्न मेंटेनन्स इन्चार्ज, प्लांट हेड आणि मालक मंडळी विचारतात ते आहेत. यांतले थोडे विक्रेत्याला विचारण्यासारखे आहेत, बाकीचे आपले आपल्यालाच.

सीएमएमएस म्हणजे नेमकं काय?

कॉम्प्युटराइज्ड मेंटेनन्स मॅनेजमेंट सिस्टिम, म्हणजे मेंटेनन्सचा सगळा कारभार कॉम्प्युटरवर चालवण्याची व्यवस्था. प्रत्येक मेंटेनन्स खात्यात चार नोंदी असतातच: ब्रेकडाउन स्लिपचं पुस्तक, भिंतीवरचा पीएमचा (प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स, म्हणजे बिघाड होण्याआधी ठरलेल्या वेळी करायची देखभाल) तक्ता, स्टोअरचं बिन कार्ड (कोणता स्पेअर किती आला, किती गेला याचं) आणि जुन्या फिटरच्या खिशातली डायरी. पहिल्या तिन्हींचा एकमेकींशी संबंध नसतो आणि चौथी फिटर निवृत्त झाला की त्याच्याबरोबर घरी जाते. सीएमएमएस या चारही नोंदी मशीनच्या नावाखाली एकत्र आणतं.

त्यातला मुख्य कागद म्हणजे वर्क ऑर्डर. कोणतं मशीन, काय बिघडलं, कोणी बघितलं, किती वेळ लागला, कोणता स्पेअर लागला आणि शेवटी काय केलं, एवढं त्यात येतं. डॅशबोर्डवरचे सगळे आलेख याच कागदावरून निघतात. कागद कोरा असेल तर आलेखही कोराच, फक्त रंगीत.

आमचं एक्सेलमध्ये छान चाललंय. बदलायची गरज आहे का?

पंचवीस-तीस मशीनं, एकच शिफ्ट आणि फाइल मनापासून भरणारा एक माणूस असेल तर अजिबात नाही. दुसरी शिफ्ट सुरू झाली की एक्सेल अडखळायला लागतं. फाइलच्या तीन प्रती होतात, ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ वगैरे. रात्रपाळीची नोंद सकाळी आठवून भरली जाते. एखाद्या मशीनचा दोन वर्षांचा इतिहास हवा असेल तर चोवीस शीटं उघडावी लागतात.

पण उलटही खरं आहे. जिथे एक्सेल भरलं जात नाही, तिथे सॉफ्टवेअरही भरलं जाणार नाही. म्हणून खरेदीआधी एक महिना साध्या रजिस्टरमध्ये प्रत्येक ब्रेकडाउन नोंदवून बघा. महिनाअखेर रजिस्टरमधले तास आणि प्रॉडक्शनच्या रिपोर्टमधले मशीन बंद असल्याचे तास जुळतात का ते पाहा. फार मोठा फरक आला तर तो आधी सोडवा. सॉफ्टवेअरचं नंतर.

ईआरपीमध्येच मेंटेनन्सचं मॉड्यूल आहे. मग वेगळं कशाला?

ईआरपी म्हणजे खरेदी, स्टॉक, हिशोब असं सगळं एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर. त्यात हे मॉड्यूल असेल तर आधी तेच वापरून बघावं. एसएपीसारख्या ईआरपीच्या मेंटेनन्स मॉड्यूलमध्ये जे करता येतं त्यातलं निम्मंही बहुतेक कारखाने वापरत नाहीत. अडचण असते ती लॉगिनची. परवाने महाग म्हणून मेंटेनन्सला एकच लॉगिन मिळतं आणि एक क्लार्क संध्याकाळी दिवसभराच्या स्लिपा टाइप करतो. मशीन त्याने पाहिलेलं नसतं. स्लिपवर ‘मोटर प्रॉब्लेम’ असं लिहिलेलं असतं, तो तेच टाइप करतो. अशा ठिकाणी शॉप फ्लोअरवर वापरण्यासाठी हलकं मोबाइल सॉफ्टवेअर घेऊन स्पेअरचा खर्च तेवढा ईआरपीला जोडणं परवडतं.

कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

रिफायनरी, वीजप्रकल्प अशा मोठ्या ठिकाणी आयबीएमचं मॅक्सिमो किंवा एसएपी असतं. मध्यम कारखान्यांसाठी महिन्याच्या वर्गणीवर मिळणारी अपकीप, लिंबल, फिक्स, मेंटेनएक्स यांसारखी मोबाइलवर चालणारी सॉफ्टवेअर आहेत. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट मुक्त स्रोत आहे आणि त्यात मशीनच्या देखभाल-दुरुस्तीच्या नोंदींची सोय आहे. या सगळ्यांत मूळ गोष्टी सारख्याच असतात.

फरक कळतो तो रात्रपाळीत. डेमो कॉन्फरन्स रूममध्ये घेऊ नका. सेकंड शिफ्टच्या एका फिटरच्या हातात फोन द्या आणि त्याला एक वर्क ऑर्डर उघडून बंद करायला सांगा. बोटांना ग्रीस असताना, हेल्मेट घालून, मोल्डिंग शॉपच्या त्या कोपऱ्यात जिथे रेंज येत नाही. नेटवर्क नसताना नोंद फोनमध्ये राहते का, मराठीत लिहिता येतं का, फोटो जोडता येतो का, किती वेळा बोट लावावं लागतं, हे तिथेच समजतं. पंधरा रकाने भरल्याशिवाय वर्क ऑर्डर बंद होत नसेल तर ते सॉफ्टवेअर कितीही नावाजलेलं असो, घेऊ नका.

मशीनची यादी किती खोलवर करायची?

विभाग, लाइन, मशीन आणि मशीनचे मुख्य भाग, एवढ्यावर थांबा. सीएनसी लेथ असेल तर स्पिंडल, टरेट, एक्स ॲक्सिस, झेड ॲक्सिस, हायड्रॉलिक पॉवर पॅक, कूलंट, कंट्रोल पॅनेल पुरेत. प्रत्येक व्हॉल्व्हला आणि लिमिट स्विचला नंबर द्यायचा उत्साह सुरुवातीला सगळ्यांना असतो. त्यात तीन महिने जातात आणि नंतर फिटर तीनशे नावांच्या यादीत शोधत बसण्यापेक्षा सरळ मशीनच्याच नावावर नोंद टाकून मोकळा होतो.

यादीत कोडबरोबर मशीनचं बोलीतलं नावही टाका. शॉपमध्ये ‘व्हीएमसी ०७’ असं कोणी म्हणत नाही, ‘खिडकीजवळचं’ किंवा ‘जुनं जर्मन’ म्हणतात. शोधताना ते नाव सापडलं पाहिजे. आणि प्रत्येक मशीनला ए, बी, सी असा दर्जा द्या. ए म्हणजे जे बंद पडलं की डिस्पॅच थांबतं किंवा माणसाला इजा होऊ शकते. हा दर्जा मेंटेनन्सने एकट्याने ठरवू नये, प्रॉडक्शनला बरोबर घ्यावं. अर्थात त्यांच्या मते सगळीच मशीनं ए असतात. तेवढं भांडण करावंच लागतं.

जुन्या वह्यांमधला इतिहास भरायचा का?

नाही. ए दर्जाच्या मशीनचे गेल्या वर्षातले मोठे ब्रेकडाउन आणि शेवटचं ओव्हरहॉलिंग कधी झालं, एवढं भरा. बाकी वह्या कपाटात राहू द्या.

फिटर मंडळी नोंदी करतच नाहीत. काय करावं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि याला ‘ट्रेनिंग द्या’ हे उत्तर पुरत नाही. आयटीआय करून आलेला मुलगा दिवसभर फोन वापरतो, त्याला ॲप वापरता येत नाही असं नसतं. तो भरत नाही याला बहुतेकदा तीन कारणं असतात.

पहिलं कारण भीती. नोंदीचा उपयोग दोष देण्यासाठी झाला की संपलं. ‘तू परवाच हे बेअरिंग बदललंस ना, मग परत कसं गेलं?’ असं एकदा सगळ्यांसमोर विचारलं गेलं की पुढच्या वेळी स्लिपवर बेअरिंग हा शब्दच येत नाही. कोणी किती वर्क ऑर्डर बंद केल्या याची यादी नोटीस बोर्डावर लावणं हाही असाच प्रकार. आकडा वाढवायचा तर सोपी कामं उचलली जातात. अवघड मशीनवर चार तास घाम गाळणारा यादीत खाली दिसतो.

दुसरं कारण, लिहून काही होत नाही. फिटरने लिहिलं की पंपाचं कपलिंग खराब झालंय, बदलायला हवं. महिनाभर त्यावर कोणी काही बोललं नाही. मग कपलिंग तुटलं आणि त्यालाच रविवारी बोलावलं. तो पुन्हा कशाला लिहील? याउलट, लिहिलेल्यापैकी एक जरी स्पेअर आठवड्यात आला आणि ‘तुझ्या नोंदीवरून मागवला’ असं त्याला सांगितलं, तर नोंदी आपोआप सुधारतात. यापेक्षा प्रभावी उपाय आम्ही तरी पाहिलेला नाही.

तिसरं कारण साधं आहे. अनेक प्लांटमध्ये शॉपवर फोन न्यायला बंदी असते आणि मेंटेनन्स रूममधल्या एका कॉम्प्युटरवर इन्चार्ज बसलेले असतात. दोन-तीन मजबूत कव्हरचे टॅबलेट द्या. बोलून टाइप होण्याची सोय मराठीत आणि हिंदीत दोन्हीकडे बरी चालते, ती सुरू करून द्या. कॉन्ट्रॅक्टवरचा मुलगा ओडिशाचा असेल आणि हिंदीत लिहीत असेल तर हिंदीत लिहू द्या. कॉन्ट्रॅक्टच्या माणसाला लॉगिन न देणं ही तर नेहमीची चूक आहे. प्रत्यक्ष काम पुष्कळदा तोच करत असतो.

काम बंद करताना नेमकं काय लिहावं?

सीएमएमएसचा सगळा फायदा या दोन ओळींवर अवलंबून आहे, म्हणून जरा सविस्तर.

‘मशीन चेक करून ओके केलं’ ही महाराष्ट्रातल्या मेंटेनन्स खात्यातली बहुधा सर्वांत लोकप्रिय नोंद असावी. तिच्यातून फक्त एवढंच कळतं की मशीन आता चालू आहे. आता ही बघा: ‘एक्स ॲक्सिस एन्कोडरच्या केबलच्या कनेक्टरमध्ये कूलंट गेलं होतं. पुसून, हवा मारून परत लावला. केबलचा ग्लँड फुटलाय, बदलायचा बाकी.’ लिहायला मिनिटभर लागतं. पण पुढच्या वेळी तोच अलार्म आला तर रात्रपाळीचा माणूस ड्राइव्ह आणि मोटर खोलत बसणार नाही, आधी कनेक्टर बघेल. आणि ग्लँड बदलण्याची पुढची वर्क ऑर्डर तिथल्या तिथे उघडता येते.

तीन गोष्टी मागा: काय सापडलं, काय केलं, काय बाकी राहिलं. तिसरी सगळ्यात महत्त्वाची, कारण आपल्याकडे तात्पुरतं मशीन चालू करून देणं हे कौशल्य मानलं जातं, आणि ते आहेही. सेन्सर बायपास करून शिफ्ट काढली यात गैर काही नसेल, सेफ्टीचा सेन्सर नसेल तर. पण बायपास तसाच राहून गेला आणि विसरला गेला की तो कायमचा होतो. ‘बाकी’चा रकाना भरला की ती आठवण ठेवण्याचं काम सॉफ्टवेअरचं.

फेल्युअर कोड ठेवावेत का? किती?

ठेवावेत, कारण मोकळ्या मजकुरात शोध लागत नाही. एक जण ‘बेअरिंग’ लिहितो, दुसरा ‘बेरिंग’, तिसरा इंग्रजीत, त्यातही स्पेलिंग चुकवून. म्हणून भाग आणि बिघाड यादीतून निवडायचे आणि काय सापडलं, काय केलं ते मोकळेपणी लिहायचं. एका प्रकारच्या मशीनला दहा-बारा कोड पुरतात. तेल आणि वायू उद्योगात आयएसओ १४२२४ हे मानक मशीनची विभागणी आणि बिघाडाचे प्रकार कसे नोंदवावेत ते ठरवून देतं. त्याची पद्धत बघून घ्यावी, यादी जशीच्या तशी उचलू नये.

‘इतर’ या कोडवर लक्ष ठेवा. निम्म्या नोंदी ‘इतर’मध्ये जात असतील तर यादी टेबलावर बसून केलेली आहे, शॉपवर नाही. आणि ‘ऑपरेटरची चूक’ हा कोड ठेवूच नका. तो ठेवला की तपास तिथेच थांबतो.

आमचं पीएम ९८ टक्के वेळेवर होतं. तरी ब्रेकडाउन कमी का होत नाहीत?

दोन शक्यता. एक, पीएम कागदावर होतं. तीस मुद्द्यांची चेकलिस्ट सहा मिनिटांत बंद झालेली दिसली तर समजून जा. सीएमएमएसचा इथे उपयोग असा की सुरू आणि बंद केल्याची वेळ दिसते. पुणे परिसरातल्या अनेक कारखान्यांत गुरुवारी वीकली ऑफ असतो म्हणून सगळी पीएमं गुरुवारवर ढकलली जातात. चार माणसं, वीस मशीनं. न बघताच टिकमार्क मारले जाणारच.

दुसरी शक्यता जास्त गंभीर: पीएम खरंच होतं, पण चुकीचं. १९७८ साली युनायटेड एअरलाइन्सच्या स्टॅनली नॉलन आणि हॉवर्ड हीप यांनी अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी एक अहवाल लिहिला. विमानाच्या भागांच्या अभ्यासात त्यांना दिसलं की फक्त ११ टक्के भागांमध्ये वयाबरोबर बिघाडाची शक्यता वाढते. उरलेल्या ८९ टक्क्यांना ‘इतके तास झाले की बदला’ या नियमाचा फायदा नव्हता. ६८ टक्के भाग असे होते की नवीन बसवल्यावर लगेच बिघडण्याची शक्यता सगळ्यात जास्त आणि नंतर ती स्थिर. म्हणजे चांगलं चाललेलं उगाच खोललं तर बिघाड आपणच आत घालतो.

हे आकडे विमानांचे आहेत, जसेच्या तसे फाउंड्रीला लावू नयेत. शॉट ब्लास्टिंगची ब्लेडं आणि लायनर घासून झिजतातच, तिथे ठरावीक तासांनी बदलणंच बरोबर. पण इलेक्ट्रॉनिक कार्ड, सेन्सर, बहुतेक बेअरिंगं यांना कॅलेंडर कळत नाही. तिथे तपासणी हवी: आवाज, तापमान, कंपन, तेलाचा रंग.

तुमच्या सीएमएमएसमध्ये वर्षभराच्या नोंदी असतील तर एक काम करा. प्रत्येक पीएमच्या मुद्द्यासमोर लिहा की या तपासणीत आजवर काही सापडलं का. वर्षभरात एकदाही काही न सापडलेले मुद्दे काढा किंवा त्यांची मुदत वाढवा. सेफ्टीचे आणि कायद्याचे मुद्दे मात्र सोडून. मग ब्रेकडाउनची यादी घ्या आणि बघा, यातले कोणते बिघाड पकडणारा मुद्दा चेकलिस्टमध्ये नव्हताच. चेकलिस्ट लहान होते आणि कामाची होते. कॉम्प्रेसरसारख्या मशीनला महिन्यांवर न ठेवता चाललेल्या तासांवर ठेवा. दिवाळीत आठ दिवस बंद असलेल्या कॉम्प्रेसरचं तेल तारीख आली म्हणून बदलू नये.

एमटीबीएफ आणि एमटीटीआर कसे वाचावेत?

समजा मशीन महिन्यात २६ दिवस, रोज १६ तास चालायला हवं होतं, म्हणजे ४१६ तास. चार वेळा बंद पडलं, एकूण १६ तास उभं राहिलं. चालले ४०० तास. दोन बिघाडांमधला सरासरी काळ, म्हणजे एमटीबीएफ, १०० तास. दुरुस्तीचा सरासरी काळ, म्हणजे एमटीटीआर, ४ तास.

आता हेच १६ तास दोन प्रकारे होऊ शकतात. चारही वेळा चार-चार तास, किंवा तीन वेळा अर्धा-अर्धा तास आणि एकदा साडेचौदा तास. सरासरी एकच, पण दुखणं वेगळं. त्या साडेचौदांपैकी दीड तास दुरुस्ती आणि तेरा तास ऑइल सीलची वाट बघण्यात गेले असतील, तर फिटरला वेगवान करून काही मिळणार नाही. म्हणून एक आकडा न ठेवता प्रत्येक बिघाडाच्या चार वेळांची नोंद ठेवा: बिघाड कळवला कधी, माणूस पोहोचला कधी, स्पेअर हातात आला कधी, मशीन चालू झालं कधी. हे केल्यावर बहुतेक कारखान्यांत मेंटेनन्सपेक्षा स्टोअर आणि खरेदी खात्याशीच जास्त बोलावं लागतं.

रिपोर्ट तर निघतात, मग त्यांचं करायचं काय?

आठवड्यातून एकदा अर्धा तास बसा. मेंटेनन्स, प्रॉडक्शन, स्टोअर आणि निर्णय घेऊ शकणारा एक माणूस. पंधरा आलेख नकोत. तीनच गोष्टी: या आठवड्यात सर्वांत जास्त तास खाणारी तीन मशीनं, महिन्याभरात पुन्हा तसाच झालेला बिघाड, आणि सगळ्यात जुन्या उघड्या वर्क ऑर्डर.

उघड्या कामांचं ओझं आठवड्यांत मोजा. समजा २४० तासांची कामं पडून आहेत. चार माणसं, प्रत्येकी ४८ तास, म्हणजे आठवड्याला १९२ तास. पण निम्मा वेळ ब्रेकडाउनमध्ये जातो, हाती उरतात ९६. म्हणजे अडीच आठवड्यांचं काम बाकी. हा आकडा दर आठवड्याला वाढत असेल तर माणसं कमी आहेत किंवा नको ती कामं यादीत आहेत. ‘आमच्याकडे माणसं कमी आहेत’ असं मॅनेजमेंटला नुसतं सांगण्यापेक्षा हा आकडा दाखवलेला बरा.

टीपीएम (टोटल प्रॉडक्टिव्ह मेंटेनन्स, म्हणजे ऑपरेटरसह सगळ्यांनी मिळून मशीन सांभाळण्याची पद्धत) सुरू असलेल्या कारखान्यांत मशीनवर दोष दाखवणारे लाल आणि पांढरे टॅग लटकलेले असतात. लाल टॅग मेंटेनन्सचा. तो लागला की त्याच क्षणी वर्क ऑर्डर व्हायला हवी. नाहीतर टॅग तेलाने काळा होईपर्यंत तिथेच राहतो.

स्पेअरचं स्टोअर जोडावं का?

जोडावं, पण दुसऱ्या टप्प्यात आणि आधी साफसफाई करून. एकच ६२०५ बेअरिंग, पंचवीस मिलिमीटर बोअरचं, स्टोअरमध्ये ‘६२०५’, ‘६२०५ झेडझेड’ आणि ‘कूलंट पंप मोटर बेअरिंग’ अशा तीन नावांनी पडलेलं असतं. एका नावाखाली स्टॉक शून्य दाखवतो म्हणून तातडीने मागवलं जातं आणि दुसऱ्या नावाखाली अकरा पडलेली असतात. सुरुवात ए दर्जाच्या मशीनच्या स्पेअरपासून करा. ज्याला आयात करायला महिने लागतात असं कार्ड किंवा ड्राइव्ह वर्षानुवर्षे हललं नाही तरी ते ‘डेड स्टॉक’ नाही, हे अकाउंट्सला लेखी सांगून ठेवा.

आयएटीएफ ऑडिटसाठी याचा उपयोग होतो का?

होतो. आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकात टीपीएमची व्यवस्था, महत्त्वाच्या मशीनच्या स्पेअरची उपलब्धता आणि ओईई (मशीनची एकूण परिणामकारकता), एमटीबीएफ, एमटीटीआर यांसारखी लेखी उद्दिष्टं अपेक्षित आहेत. त्यामुळे ऑटो व्हेंडर मंडळी सीएमएमएस घेतात ती मुख्यतः याच कारणाने, आणि तिथेच घोळ होतो. ऑडिटच्या आधीच्या रात्री बसून तीन महिन्यांची पीएमं ‘बंद’ केली की ऑडिट कदाचित पार पडेल, पण त्या नोंदींवरून नंतर कोणताही निर्णय घेता येत नाही. खोट्या नोंदी खऱ्यांमधून वेगळ्या काढता येत नाहीत, म्हणून खऱ्याही वाया जातात.

सेफ्टी परमिट आणि कायद्याच्या तपासण्या यात घ्याव्यात का?

नक्की घ्याव्यात. ६ जुलै १९८८ रोजी उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेल-वायूच्या प्लॅटफॉर्मवर स्फोट होऊन १६७ माणसं गेली. एका कंडेन्सेट पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह तपासणीसाठी काढलेला होता आणि तिथे तोंड बंद करायला तात्पुरती फ्लँज लावलेली होती. रात्री दुसरा पंप बंद पडला, तेव्हा रात्रपाळीने पहिला सुरू केला. व्हॉल्व्ह काढलेला आहे हे त्यांना माहीत नव्हतं. पंपाच्या कामाचं परमिट (काम करण्याची लेखी परवानगी) एक, व्हॉल्व्हचं दुसरं, आणि दोन्ही एकमेकांना जोडलेले नव्हते. लॉर्ड कलन यांच्या चौकशीचा अहवाल १९९० साली आला आणि त्यात परमिट व शिफ्ट हँडओव्हर यांतल्या त्रुटींवर नेमकं बोट ठेवलेलं आहे.

वर्क ऑर्डर उघडी असेपर्यंत मशीनच्या नावासमोर लाल खूण दिसणं आणि पुढच्या शिफ्टला ती वाचल्याची सही करावी लागणं, एवढं बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये बसवता येतं. मशीनला प्रत्यक्ष लावलेलं कुलूप आणि टॅग यांना मात्र ते पर्याय नाही.

कायद्याच्या तपासण्यांची आठवणही इथेच ठेवा. १९४८च्या फॅक्टरी कायद्याने घालून दिलेली शिस्त अशी की होइस्ट आणि लिफ्टची दर सहा महिन्यांनी, तर क्रेन, साखळ्या आणि दोर यांची दर बारा महिन्यांनी सक्षम व्यक्तीकडून (कायद्याने मान्यता दिलेल्या तपासनीसाकडून) तपासणी व्हावी. आता नव्या श्रमसंहिता आल्या आहेत, म्हणून आजचे नियम आणि फॉर्म औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडून किंवा तुमच्या सक्षम व्यक्तीकडून खात्री करून घ्या. सर्टिफिकेटची स्कॅन प्रत क्रेनच्याच नोंदीला जोडा.

सेन्सर आणि एआय लावून बिघाड आधीच कळेल का?

काही मशीनवर, हो. मोठे फॅन, पंप, गिअरबॉक्स यांवर कंपनाचा सेन्सर बेअरिंग जाण्याआधी काही आठवडे इशारा देऊ शकतो. पण इशाऱ्यानंतर वर्क ऑर्डर उघडणारं आणि ती बंद करणारं कोणी हवं. शिवाय एआयला शिकवायला मागचे बिघाड लागतात, आणि तिथे ‘चेक करून ओके केलं’ असं लिहिलेलं असेल तर ते काय शिकणार? वर्षभर नीट नोंदी करा, मग विचार करा.

साखर कारखान्यासारख्या हंगामी उद्योगात हे बसतं का?

बसतं, पण कॅलेंडर उलटं वापरावं लागतं. गाळप साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतं आणि त्यात दर महिन्याचं पीएम हा विनोदच असतो. ऊस आला आहे म्हटल्यावर मिल थांबवणार कोण? तिथली खरी संपत्ती म्हणजे स्टॉपेजची नोंद. मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, प्रोसेस, ऊस नाही अशा कारणांनी मिल किती वेळ थांबली ते कारखाने पूर्वीपासून लिहीत आलेले आहेत. ते तास केन कॅरिअर, फायब्रायझर, मिल, सेंट्रिफ्युगल अशा मशीनवार लिहिले की हंगाम संपताच ऑफ सीझनच्या ओव्हरहॉलिंगची यादी तयार मिळते. एरवी ती मागच्या वर्षीच्या यादीवरून उतरवली जाते आणि ज्या गिअरबॉक्सने काहीच त्रास दिला नाही तोही खोलला जातो.

मालक विचारतात, पैसे वसूल कधी होणार?

‘ब्रेकडाउन इतके टक्के कमी होतील’ असं विक्रेत्याच्या ब्रोशरवरून सांगू नका. आपला हिशोब मांडा. समजा ज्या मशीनवर सगळी लाइन अडते ते तासाला ३,००० रुपयांचं काढून देतं आणि महिन्याला २० तास बंद असतं. म्हणजे ६०,००० गेले. पाव भाग वाचला तरी महिन्याला १५,०००. दुसऱ्या बाजूला वर्गणी धरा आणि नोंदींचा वेळही धरा: सहा माणसं रोज पंधरा मिनिटं, २६ दिवस, म्हणजे महिन्याला ३९ तास. हा खर्च कोणी मोजत नाही, पण तो असतो. आणि ज्या मशीनला वाट बघितलेली चालते, तिथे वाचलेले तास पैशात मोजू नका. तिथे बहुधा काहीच वाचत नाही.

पहिले तीन महिने आकडे बिघडलेलेच दिसतील. ब्रेकडाउन वाढलेले नसतात, आता ते नोंदवले जातात एवढंच. हे मालकांना आधी सांगून ठेवा, नाहीतर चौथ्या महिन्यात वर्गणी बंद होते.

उद्या सॉफ्टवेअर बदलायचं झालं तर डेटाचं काय?

करारावर सही करण्याआधी विचारा: मशीनची यादी, बंद झालेल्या वर्क ऑर्डर, त्यांचे शेरे, फोटो आणि स्पेअरचा वापर हे सगळं एक्सेल किंवा सीएसव्ही फाइलमध्ये कधीही काढून घेता येईल का, आणि वर्गणी थांबल्यावर किती दिवस काढता येईल. तोंडी ‘हो’ चालणार नाही, करारात लिहून घ्या. पहिल्याच महिन्यात एकदा फाइल उतरवून उघडून बघा. मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं किंवा चौकोन दिसले तर त्याच दिवशी विक्रेत्याला फोन करा.